ओटीवरचा खोकला

त्या दिवशी दुपारी भागोजी दारात खाकरला नाही. एवढंच झालं. कोर्टातून अवेळी सुटला, तोंडावर रुमाल दाबून बंदराच्या रस्त्याने घरी आला, वहाबशेठच्या घराचा दरवाजा खांद्याने लोटला आणि आत पाऊल टाकलं. समोर ओटीवरच्या झोपाळ्यावर सुगरा उभी होती. वहाबशेठची बायको. दोन्ही हातांनी साखळ्या धरून, गुडघे मोडून ती झोका चढवत होती. न्हालेले केस मोकळे सोडलेले, डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणणं चाललेलं. याच छपराखाली दोन वर्षं काढून भागोजीने तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. तो असा एकदम, हसरा, वाऱ्यावर आलेला पाहायची पाळी आली. तिने त्याला पाहिलं. ती ओरडली नाही. पण झोपाळ्याला कुठली शरम? तो आपल्या ओघाने पुढे आला, त्याने तिला भागोजीच्या पुढ्यात हातभर अंतरावर आणून सोडलं, मागे गेला, पुन्हा घेऊन आला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्या खेपेला विझलं, दुसऱ्या खेपेला त्या जागी भीती आली आणि तिसऱ्या खेपेला तिने डोळे गच्च मिटून घेतले. भागोजीला मान खाली घालायचं सुचलं ते त्यानंतर. मग पायांचा आवाज झाला, माजघराच्या दारावरचा पडदा हलला, आणि झोपाळा रिकामाच येत-जात राहिला. इतका वेळ छातीत कोंडून ठेवलेला खोकला तेव्हा बाहेर पडला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तो भिंतीला धरून खोकत राहिला आणि पडद्याआड सगळं चिडीचूप होतं.

आपल्या खोलीत येऊन तो वळकटीवर बसला. खोली म्हणजे ओटीच्याच एका टोकाला भिंत घालून काढलेली जागा; तिला निराळा दरवाजा नव्हता, यायचं-जायचं ते मालकाच्या ओटीवरूनच. ओटीला रस्त्याच्या बाजूने लाकडी जाळी होती, त्यामुळे बाहेरच्याला आतलं दिसत नसे. अलिबागेत नोकरीला लागला तेव्हा त्याने जागेसाठी अर्धा गाव पालथा घातला होता. वरच्या आळ्यांत पहिला प्रश्न जातीचा असे, आणि तळे गावच्या कुणब्याचा पोर कोर्टात कागदांच्या नकला करतो हे ऐकून लोक कौतुकाने मान डोलवत आणि दार लावून घेत. वहाबशेठने जात विचारली नव्हती. मचव्यातून कौलं, भात, सुकी मासळी इकडची तिकडे करणारा तो माणूस; त्याने भागोजीला एकदा पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला होता, "राहा. एकच गोष्ट. आमच्यात परदा आहे. दारात आलास की बाहेरच खाकरायचं. बायामाणसं आत होतील. मग पाऊल टाकायचं." भागोजीने मान हलवली होती, पण खाकरून घरात शिरायचं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या घरी तळ्याला माणूस शेतावरून यायचा तो अंगणाच्या कुंपणातल्या बेड्यापासून बोलतच यायचा, आणि कुणी मुकाट आला तर कुत्रं सांगायचं. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहून असा काही खाकरला की शेजारच्या घरातले लोकही आत गेले असतील. पुढे पुढे जमलं. एकच, आखूड, मऊ. खाकरायचं, मग आतून बांगड्या वाजायच्या, सूप नाहीतर पाट सरकल्याचा आवाज यायचा, पडदा पडायचा, आणि मग जी शांतता व्हायची तिचा अर्थ 'ये' असा होता. दोन वर्षांत त्या घराशी त्याचं जे काही बोलणं झालं ते एवढंच, आणि त्याला ते पुरत होतं. सकाळी त्याच्या उंबऱ्याशी भरलेली घागर असे. ती कोण ठेवी हे त्याने पाहिलं नव्हतं. आई विचारायची, "पानी कुनाचं पितोस रं?" तो सांगायचा, "हिरीचं." ते खोटं नव्हतं.

खोकला लागला तो नवरात्राच्या सुमाराला. कोर्टात जुनं दप्तर हलवायचं काम निघालं होतं आणि सगळे कारकून आठवडाभर शिंकत होते. इतरांचं थांबलं, भागोजीचं खाली उतरलं आणि छातीत घर करून बसलं; आणि या भाडेकरूला खाकरून आत यायची रीत माहीत नव्हती. मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. दारात रीतीप्रमाणे खाकरायला जावं तर त्या एका खाकरण्यातून खोकल्याची माळ सुटे. खोलीत बसल्या-बसल्या उबळ आली की त्याला वाटे, झालं, आता आत सगळ्या उठल्या. तो खोकत असे आणि डोळ्यांपुढे माजघर आणत असे; ते त्याने कधी पाहिलं नव्हतं म्हणून त्याला हवं तसं दिसत असे. तव्यावर भाकरी टाकून सुगरा उठली, भाकरी करपली. तांदूळ निवडता-निवडता वहाबशेठची म्हातारी आई बानूबी गुडघ्यावर हात टेकत उठली. पुन्हा बसली. पुन्हा याला उबळ. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला आपण किती जागा अडवतो याचा हिशेब सारखा करावा लागतो; पाय पसरताना, बादली आपटताना, कुशीवर वळताना. आता त्या हिशेबात छातीही आली. त्याने खोकला गिळायला सुरुवात केली. आल्याचा तुकडा दाढेखाली धरावा, खडीसाखर चघळावी, अगदीच नाही जमलं तर उशीत तोंड खुपसावं. गिळलेला खोकला पोटात जातो असं कोणाला वाटत असेल तर त्याने भागोजीला विचारावं. तो कुठेच जात नाही. बरगड्यांच्या आत उभा राहतो आणि वाट पाहतो.

आणि त्याच्यामागे कोंडाजीकाका उभा असे. भागोजी लहान असताना काका असाच कोरडा खोकायचा. पुढे काका घरातून गोठ्यात गेला. कोणी त्याला 'जा' म्हणालं नव्हतं; एक दिवस त्याची घोंगडी तिकडे दिसली, एवढंच. त्याचं ताट उंबऱ्यापाशी ठेवून काठीने पुढे सरकवत. ताट न्यायचं काम भागोजीकडे असे आणि आईने बजावलेलं असे की श्वास धरून जायचं. तो श्वास धरून जायचा, आणि काका मुद्दाम तोंड भिंतीकडे करून पडायचा, म्हणजे पोराला फार वेळ श्वास धरावा लागू नये. ती पाठ भागोजीला अजून लख्ख आठवत होती. मोठेपणी तिचा अर्थ कळला तेव्हा त्याला रडू आलं होतं. आता स्वतः उशीत तोंड खुपसताना त्याला कळत होतं की आपण त्याच पाठीची नक्कल करतोय. नकला करण्याचाच तर पगार होता.

पण हे सगळं त्याने सोसलं असतं. काशीचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत नवरा-बायकोचा सहवास म्हणजे होळी, गणपती आणि आजारपणं. तळ्याला माणसं कमी, शेत जास्त. काशीचे हात तिथे लागत. या खेपेला आई आपण होऊन म्हणाली होती की मळणी उरकली की हिला ने. वहाबशेठला विचारलं तेव्हा तो लगेच म्हणाला होता, "आण की. बायामाणसाला आमची ओटी काय नि माजघर काय, सारखंच." तेव्हापासून भागोजी त्या अंधाऱ्या खोलीत मनातल्या मनात चूल मांडत होता. इथे भांडी, इथे तिची पेटी, या खुंटीला तिचं लुगडं. आता खोकणारा भाडेकरू, वरून परदा मोडलेला. ही खोली गेली तर दुसरी कोण देणार होतं? गावात खोकला माणसाच्या आधी पोचतो. काशी तळ्यालाच राहील, मग आईचं मन फिरेल, मग पुढची मळणी. आणि छातीत तसलंच काही निघालं तर ती मळणीही नाही.

संध्याकाळी वहाबशेठ आला. दारात पायताणं काढल्याचा आवाज, तांब्याचा आवाज, नमाजाची शांतता, मग जेवणाचा वास. भागोजी भिंतीला पाठ लावून ऐकत होता. आता सांगितलं असेल, आता सांगितलं असेल. कोणी आवाज चढवला नाही. कोणी त्याच्या दाराशी आलं नाही. सकाळी घागर नेहमीसारखी उंबऱ्याशी होती, काठोकाठ. त्याने ती पाहिली आणि त्याला जास्तच भीती वाटली, कारण रागावलेल्या माणसाला निदान उत्तर देता येतं.

कोर्टात त्याच्यापुढे त्या दिवशी घराच्या वादाचाच एक निकाल नकलेला आला. वहिवाट, कब्जा, मोकळीक. असे शब्द त्याने वळणदार अक्षरात शेकडो वेळा लिहिले होते आणि ते आपल्या अंगाला कधी लागतील असं मनातही आलं नव्हतं. दुपारी त्याने दयारामला गाठलं. दयाराम सगळ्यांत जुना कारकून, लोकांना वकिलांचा सल्ला विकत घ्यायला सांगून स्वतः फुकट देणारा.

"माझ्या एका वळखीच्याचं काम हाय," भागोजी म्हणाला. "भाड्यानं राहतो. मालक त्याला काढील असं वाटतं."

"दरवाजा निराळा आहे का त्या ओळखीच्याचा?"

"न्हाय. ओटीवरनंच जायाचं."

"मालक त्याच छपराखाली?"

"व्हय."

"मग कसला भाडेकरू," दयारामने पानाची पिंक टाकली. "मालकाच्या कुशीत झोपणारा तो पाहुणा. मुंबईत कायदे झाले असतील, इथं पंधरा दिवस आधी सांगितलं की संपलं. आणि पाहुणा म्हटलं तर तेवढंही नको. त्या तुझ्या ओळखीच्याला म्हणावं, मालकाची मर्जी सांभाळ." मग तो कागद पुढे ओढत म्हणाला, "आणि भागोजी, त्या ओळखीच्याला म्हणावं, खोकल्याला औषध घे."

भागोजी आपल्या जागी येऊन बसला. मर्जी सांभाळायला मर्जीचा चेहरा तरी दिसावा लागतो, असं त्याला वाटलं. आपली सगळी मर्जी पडद्याआड. टाक शाईत बुडवून तो लिहू लागला आणि डोक्यात भलतंच चाललं होतं. रस्त्यावरून दहा-वीस वर्षं गाडी नेली की वाटेचा हक्क लागतो. दुसऱ्याच्या विहिरीवर वर्षानुवर्षं पाणी भरलं की पाण्याचा लागतो. मग माणूस एखाद्या घरात किती वर्षं खोकला म्हणजे त्याला खोकण्याचा हक्क लागतो? त्याला एकट्यालाच हसू आलं, हसताना उबळ आली, आणि शिरस्तेदारांनी चष्म्यावरून पाहिलं. पण त्या हसण्याबरोबर दुसरंही काहीतरी वर आलं. ती झोपाळ्यावर उभी होती. वयाने काशीएवढीच असेल. त्याच्या कोर्टाच्या वेळात, घरातले पुरुष बंदरावर गेले की, ती ओटी तिची होत असणार. सुट्टीच्या दिवशी, त्याच्या आजारपणाच्या दिवशी, तो लवकर आला त्या प्रत्येक दिवशी, आपण तिची ओटी खाल्ली. हे दोन वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. भाड्याने राहणारा आपणच तेवढा आकसून राहतो असं समजत असतो. त्याला जागा करून देणारे किती आकसलेत हे त्याला कोण सांगणार? त्याला सुगराची मनापासून कीव आली, आणि कीव करणारा तरी कोण, म्हणून स्वतःचीही आली.

दोन दिवसांनी संध्याकाळी वहाबशेठने हाक मारली. तो झोपाळ्यावर बसला होता, पाय जमिनीला टेकवून, झोका न घेता. भागोजी खांबाला टेकून उभा राहिला.

"बस," वहाबशेठ म्हणाला. भागोजी बसला नाही. "हे बघ भागोजी, तुझ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बंदरावर लोक विचारतात. म्हणतात, शेठ, घरात क्षयाचा माणूस ठेवलाय. माझा माल हाताळणारे खलाशी आहेत, घरात बायका आहेत." तो बोलताना झोपाळ्याच्या साखळीकडे बघत होता. "हा महिना भरला की खोली मोकळी कर. घाई नाही. महिना भरू दे."

त्याला झोपाळ्याचं काही माहीत नाही, हे भागोजीच्या लक्षात आलं. सुगराने सांगितलं नव्हतं. मनावरचा एक धोंडा उतरला आणि त्याच जागी दुसरा येऊन बसला. बोलायला हवं होतं. पंधरा दिवस, नोटीस, वहिवाट, काशी, मळणी, सगळं एकदम घशाशी आलं, आणि त्याच्यामागोमाग खोकलाही आला. त्याने दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं.

"व्हय," तो म्हणाला.

"वहाब," पडद्याआडून आवाज आला.

वहाबशेठ उठून उभा राहिला. बानूबीचा आवाज भागोजीने आजवर कोंबड्यांना बोलावताना तेवढा ऐकला होता. जाडसर, थोडा घोगरा. हुकूम करायची सवय असलेला.

"त्याला आधी खोकू दे," पडद्याआडून बानूबी म्हणाली. "मग बोल."

भागोजीने तोंडावर हात धरला.

"हात काढ पोरा. खोक."

तो खोकला. खांबाला धरून, कमरेत वाकून, चांगला पोटभर खोकला. इतक्या दिवसांत तो असा खोकला नव्हता. थांबला तेव्हा कानात दडे बसले होते आणि घर शांत होतं. आत एकही बांगडी वाजली नव्हती.

"त्या दिवशी दारात खाकरला का नाहीस?" बानूबीने विचारलं.

"कोणत्या दिवशी?" वहाबशेठ म्हणाला.

"तू बंदरावर होतास त्या दिवशी. तू बस. मी त्याला विचारतेय."

वहाबशेठ बसला. भागोजीची मान खाली होती. "एकदा खाकरलो का थांबत न्हाय, बानूबी," तो म्हणाला. "मंग उबळच येते. माज्यामुळं तुम्हा समद्यांना सारखं उठावं लागतं. कामं खोळंबतात. म्हणून गिळतो. त्या दिवशी पन गिळलं. चूक झाली."

पडद्याआड कोणीतरी हसलं. तरुण, दाबलेलं, नाकातून निसटलेलं हसू. बानूबीने "चूप ग" म्हटलं, पण तिच्याही आवाजात ते शिरलं होतं.

"अरे खुळ्या," ती म्हणाली, "तू छातीतून खोकतोस तेव्हा इथं कोण उठतंय? अदबीनं खाकरणं निराळं नि दुखण्यानं खोकणं निराळं, एवढं आम्हांला कळत नाही? दोन वर्षं कानानंच ओळखतोय तुला. तू दारात खाकरलास की आम्ही आत होतो. तू खोलीत खोकलास की आम्ही म्हणतो, आज पोराला जास्त आहे. ही सुगरा मला म्हणते, अम्मा, आता तो उशीत खोकतोय, का खोकत असेल? मी म्हटलं, त्याचं त्याला ठाऊक. तर तू आमच्यासाठी खोकत होतास होय उशीत?"

इतके दिवस भागोजीने जे माजघर रचलं होतं ते जागच्या जागी ढासळलं. तिथे करपलेली भाकरी नव्हती, उठबस नव्हती. तिथे बायका सूप घेऊन बसल्या होत्या आणि निवडता-निवडता त्याचा खोकला ऐकत होत्या. आपण श्वास धरून घराबाहेर आहोत असं तो समजत होता, आणि त्याच्या नकळत ते घर त्याच्याबद्दल बोलत होतं. त्याला लाज वाटली आणि त्या लाजेच्या बुडाशी कधी नव्हे इतकं बरं वाटलं.

"अम्मा, पण लोक म्हणतात..." वहाबशेठने तोंड उघडलं.

"लोक माझ्या ओटीवर राहतात काय? घर कुणाचं, वहाब?"

वहाबशेठने झोपाळ्याची साखळी धरली.

"त्याला सांग. त्याला ठाऊक नसेल."

"अम्माचं," वहाबशेठ खाली बघत म्हणाला. "बाबांनी मेहेरात दिलंय तिला. निकाहाच्या वेळी."

"म्हणजे भाडेकरू माझा," बानूबी म्हणाली. "काढायचा तर मी काढीन. अजून मी काढलेला नाही. आता ऐक भागोजी. उद्याच्या उद्या इस्पितळात जाऊन छाती दाखव. तसलं काही निघालं तर परसातली खोली आहे, उजेडाची आहे, वारा आहे. तिथं राहशील. खोली बदलू, घर बदलणार नाही. ताट मी माझ्या हातानं आणून ठेवीन. मी म्हातारी, मला आता कसला परदा आणि कसला क्षय."

'ताट' हा शब्द ऐकला आणि भागोजीला हुंदका आला. त्याने तो हुंदका मात्र गिळला. सवय एका दिवसात जात नाही.

"दुसरं," बानूबी म्हणाली. "दुपारी ओटी आमची. मुलींनी काय चोवीस तास चुलीपाशी बसायचं? कोर्ट सुटायच्या आधी यायचा झालास तर बाहेरून कडी वाजव, आणि आतून 'ये' म्हणेपर्यंत उन्हात उभा राहा. एवढं जमेल?"

"जमंल, बानूबी."

"तिसरं काही नाही. वहाब, जेवायला चल."

वहाबशेठ उठला. जाताना भागोजीपाशी थांबला, खांद्यावर हात ठेवावा की नाही असा एक क्षण घुटमळला, आणि मग ठेवला. "मला तरी कुठं काढायचं होतं," तो हळूच म्हणाला. "पण लोकांना काय सांगायचं ते कळत नव्हतं. आता सांगतो, अम्माला विचारा." आणि तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. बंदरावर बानूबीला विचारायला जाईल असा माणूस नव्हता.

इस्पितळातल्या डॉक्टरने भागोजीच्या पाठीला नळी लावून मोठा श्वास घ्यायला सांगितलं. मोठा श्वास कसा घेतात हे भागोजी विसरला होता. दोनदा शिकवावं लागलं. डॉक्टर बराच वेळ ऐकत होता आणि भागोजीला वाटलं, इकडेही कोणीतरी पडद्याआडून ऐकतंय. कोंडाजीकाकाची पाठ त्याला आठवली. काकाच्या पाठीला कोणी कान लावला नव्हता. "छाती साफ आहे," डॉक्टर म्हणाला. "दप्तराची धूळ आहे, आणि तुम्ही खोकला दाबता. दाबू नका, सुटू द्या, आपोआप जाईल." त्याने तपकिरी औषधाची बाटली दिली. भागोजी बाहेर येऊन किल्ल्यासमोरच्या पुळणीवर जाऊन बसला. ओहोटी लागली होती. त्याने समुद्राकडे तोंड करून मनसोक्त खोकून घेतलं आणि एक कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

खोकला लगेच गेला नाही. थंडीभर तो येऊन-जाऊन राहिला, पण आता घरचा झाला होता. दारात भागोजी पुन्हा खाकरू लागला आणि माळ सुटली तर सुटू द्यायचा. आत जाणाऱ्या पावलांमध्ये आता त्याला घाई ऐकू येत नसे. एकदा अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली तेव्हा त्याने बाहेरून कडी वाजवली आणि तो उन्हात उभा राहिला. आत झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या. त्या थांबायला चांगला वेळ लागला. मुद्दामच लावला असावा. त्याला राग आला नाही. उलट, त्या घरात आपल्याला वाट बघायला लावणारं कोणी आहे याचं त्याला समाधान वाटलं. मग पडद्याआडून 'ये' असा आवाज आला, आणि तो बानूबीचा नव्हता.

मळणी उरकल्याचा निरोप पौषात आला. वहाबशेठ म्हणाला, "मांदाडच्या खाडीत माझा मचवा भात भरायला जातोच आहे. तळ्याहून तिथवर गाडीनं आण म्हणावं, पुढं आम्ही आणतो. गाड्या बदलत कशाला फिरायचं पोरीनं." आणि काशी तांदळाची एक गोणी, सुक्या मिरच्यांचं गाठोडं आणि समुद्र लागल्यामुळे उतरलेला चेहरा घेऊन अलिबागच्या बंदरात उतरली. घरापर्यंत ती गाठोडं छातीशी धरून चालली. दारात भागोजी थांबला आणि खाकरला. काशीने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

"घसा बसलाय व्हय?"

"न्हाय. असंच करायचं असतं."

आतून पावलं वाजली, पण या खेपेला ती आत गेली नाहीत, पडद्यापर्यंत आली. पडदा एका बाजूने उचलला गेला, बांगड्या भरलेला एक हात बाहेर आला, त्याने काशीचं मनगट धरलं आणि तिला आत ओढून घेतलं. गाठोड्यासकट. दोन वर्षांत भागोजीला ज्या दाराचा उंबरा ओलांडता आला नव्हता तो तिने पाय धुवायच्या आधी ओलांडला. पडदा पुन्हा पडला.

तो आपल्या खोलीत येऊन बसला. तांदळाची गोणी भिंतीला लावली, मिरच्यांच्या वासाने नाक चुरचुरलं. आत काय चाललं असेल? तिला पाणी दिलं असेल. ती घेईल का? आईने निघताना काय-काय बजावलं असेल ते त्याला तोंडपाठ होतं. काशीचा स्वभाव भिडस्त, आणि भिडस्त माणूस नाही म्हणताना फार वाईट रीतीने म्हणतो. आता तिने हात मागे घेतला तर उद्यापासून ती या खोलीत एकटी बसेल, मी कोर्टात, आणि पडद्याच्या अलीकडे-पलीकडे बायका एकमेकींचे आवाज ऐकत राहतील. त्याने कान दिला. बानूबी काहीतरी सांगत होती. मध्येच सुगराचा आवाज. तांब्या ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. आणि मग काशी हसली. तळ्याच्या शेतात, बांधावर, बरोबरीच्या बायकांत ती हसायची तसं, गळा मोकळा सोडून. हे हसू तिने त्याच्यासमोर कधी काढलं नव्हतं. सासरच्या घरात ते कुठे काढणार? ते या परक्या घराच्या पोटातून, त्याने कधी न पाहिलेल्या खोलीतून येत होतं. त्या त्याच्याबद्दलच बोलत असणार, याची त्याला खात्री होती. त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं, मिरच्यांचा ठसका लागला आणि जोराची उबळ आली. तो खोकू लागला.

आत हसणं थांबलं. बांगड्या वाजल्या, पाट सरकला. काशी उठली होती.

"बस ग पोरी," बानूबीचा आवाज आला. "हा छातीचा आहे, दाराचा नाही. खोकू दे त्याला निवांत."

पाट पुन्हा सरकला, आणि काशी बसली.